विश्लेषण : इटलीच्या घरगुती स्वयंपाकाला ‘युनेस्को’चा मान, पण स्वयंपाकघरात त्याने काय बदलते?

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १० डिसेंबर २०२५ रोजी दिवाळीचा समावेश ‘युनेस्को’च्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला आणि आपल्याकडचे मोबाइल त्या बातमीने भरून गेले. त्याच दिवशी, त्याच बैठकीत आणखी एका नावावर शिक्कामोर्तब झाले : इटलीचा स्वयंपाक. पिझ्झा नव्हे, पास्ता नव्हे, तर घराघरांत रोज होणारा अख्खा स्वयंपाक. एका देशाचा संपूर्ण स्वयंपाक असा यादीत जाण्याची ही पहिलीच वेळ, असे सांगत पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनी त्याचे स्वागत केले. पण हा मान नेमका कशाचा असतो, तो मिळाल्याने काय वाचते आणि ज्यांच्या हातांमुळे हा वारसा टिकला त्यांच्या वाट्याला काय येते, हे प्रश्न या निमित्ताने पुन्हा समोर आले आहेत.

काय घडले?

अमूर्त वारशाविषयीच्या आंतरसरकारी समितीची विसावी बैठक ८ ते १३ डिसेंबर या काळात दिल्लीत झाली. भारताने या बैठकीचे यजमानपद भूषवण्याची ही पहिलीच वेळ. इटलीने आपली उमेदवारी मार्च २०२३ मध्येच जाहीर केली होती. तिच्यामागे ‘ला कुचिना इतालियाना’ हे १९२९ पासून निघणारे पाककलेचे मासिक, इटालियन पाककला अकादमी आणि ‘कासा आर्तुसी’ ही संस्था होती. सरकारने नंतर आपले सगळे वजन टाकले.

प्रस्तावाचे शीर्षक पाहिले तर कुणालाही भूक लागणार नाही : ‘इटालियन स्वयंपाक : शाश्वतता आणि जैव-सांस्कृतिक विविधता यांच्या दरम्यान’. आत मात्र साधी गोष्ट आहे. एकत्र रांधणे, एका टेबलावर बसून जेवणे, आजी-आजोबांकडून नातवंडांनी शिकणे आणि उरलेले वाया न घालवणे. यात एकही ठरावीक पाककृती नाही. टस्कनीतली ‘रिबोलिता’ घ्या. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेले हे सार गरिबांच्या घरात जन्मले. आपल्याकडच्या फोडणीच्या पोळीची ती दूरची बहीण म्हणायला हरकत नाही.

यादीत पदार्थ जातो की पद्धत?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला, ती यादी वेगळी. ती १९७२ च्या करारानुसार चालते आणि त्यात वास्तू, स्थळे, निसर्ग येतो. स्वयंपाक, सण, गाणी, कारागिरी यांच्यासाठी २००३ चा स्वतंत्र करार आहे. भारताने त्याला २००५ मध्ये मान्यता दिली. किल्ल्याच्या यादीत तटबंदी मोजता येते. इथे मोजायला काहीच नसते. माणसे एखादी गोष्ट करतात, पुढच्यांना शिकवतात आणि ‘हे आमचे आहे’ असे मानतात, एवढ्याची नोंद होते. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर नोंद ‘प्रॉडक्ट’ची नसते, ‘प्रोसेस’ची असते.

म्हणूनच या यादीतली नावे नीट वाचावी लागतात. २०१० मध्ये आलेली नोंद ‘फ्रेंच पाककला’ अशी नाही, ती फ्रेंच लोकांच्या समारंभी जेवणाची, म्हणजे माणसे जमवून, क्रमाक्रमाने वाढून, निवांत जेवण्याच्या रीतीची आहे. कोरियाच्या नावे २०१३ मध्ये लागली ती ‘किमची’ नव्हे, तर ‘किमजांग’ : हिवाळ्यापूर्वी शेजारीपाजारी आणि नातलगांनी एकत्र येऊन ढिगांनी किमची घालण्याची आणि वाटून घेण्याची प्रथा. त्याआधी २०११ मध्ये दक्षिण कोरियाने जोसन राजघराण्याच्या पाककलेचा प्रस्ताव पाठवला होता, तो मंजूर झाला नव्हता. राजवाड्यातल्या पंगती आज कोण आणि कुठे जगते, हा प्रश्न होता. जपाननेही त्यातून धडा घेतला. त्यांचा रोख आधी ‘काइसेकी’ या उंची जेवणावर होता. तो बदलून त्यांनी घरगुती आहारपद्धती आणि नववर्षाचे जेवण पुढे केले आणि २०१३ मध्ये ‘वाशोकु’ यादीत आले.

पदार्थापेक्षा पद्धत महत्त्वाची का, याचे सर्वांत बोलके उदाहरण मक्याचे आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुऊन मग वाटतात. ‘निक्स्तमाल’ नावाची ही क्रिया काही हजार वर्षांची आहे. चुन्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मुख्य म्हणजे मक्यात अडकून बसलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला तेव्हा कणसे गेली, चुन्याचे ज्ञान गेले नाही. त्यामुळे उत्तर इटलीतल्या ज्या गरीब शेतकऱ्यांचे पोट फक्त ‘पोलेंटा’ या मक्याच्या घाट्यावर भरत होते, त्यांच्यात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात पेलाग्राची साथच पसरली. त्वचा सोलपटणे, जुलाब, शेवटी वेड आणि मृत्यू. कारण कळायला विसावे शतक उजाडले. मेक्सिकोतल्या कोणत्याही खेड्यातल्या बाईला कारण ठाऊक नव्हते, पण कृती ठाऊक होती, आणि तेवढे पुरेसे होते. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाची २०१० ची नोंद मिचोआकान प्रांतातल्या अशाच बायकांच्या कामावर उभी आहे.

मग जीआय म्हणजे काय?

भौगोलिक मानांकन अर्थात ‘जीआय’ हा याहून अगदी वेगळा, रोखठोक मामला आहे. तो व्यापारी हक्क आहे, त्याला कायद्याचा आधार आहे आणि नावाचा गैरवापर झाला तर न्यायालयात जाता येते. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये ‘पार्मेजान’ हे नाव इटलीच्या ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीजशी जोडलेले असल्याचे मान्य केले, त्यामुळे युरोपीय संघात दुसऱ्या कुणाला ते नाव वापरता येत नाही. अमेरिकेत मात्र त्या नावाचे चीज सर्रास विकले जाते, कारण तो कायदा तिथे लागू नाही. अमूर्त वारशाच्या नोंदीतून असा हक्क कुठेच मिळत नाही. लंडनमध्ये कुणी कार्बोनारात क्रीम ओतले तर युनेस्को नोटीस पाठवणार नाही.

महाराष्ट्राला जीआयचा अनुभव भरपूर आहे, पण एक गंमत लक्षात घ्यावी. मानांकन जळगावच्या भरताच्या वांग्याला आहे, भरताला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे, भाकरीला नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आहे, सोलकढीला नाही. म्हणजे शेतातून निघालेल्या मालाची नोंद झाली. तो चुलीवर गेल्यावर जे होते ते कागदावर नाही. गोव्याने थोडी पुढची वाट धरली. तिथे खाजे आणि २०२३ मध्ये बेबिंका या तयार पदार्थांनाही जीआय मिळाले.

देशांमध्ये एवढी चढाओढ कशासाठी?

कायदेशीर हक्क नाही, युनेस्कोकडून मोठा निधी नाही, तरी प्रत्येक बैठकीत खाद्यपदार्थांचे प्रस्ताव असतातच. इटलीपुरते उत्तर सोपे आहे. देशाची खाद्यपदार्थ आणि पेयांची वार्षिक निर्यात ७० अब्ज युरोच्या घरात आहे. इटालियन नावे लावून विकल्या जाणाऱ्या नकली मालाची उलाढाल १२० अब्ज युरोची असल्याचा दावा ‘कोल्दिरेत्ती’ ही तिथली शेतकरी संघटना करते. हा आकडा हितसंबंधी संघटनेचा आहे, हे ध्यानात ठेवूनही बाजार किती मोठा आहे याचा अंदाज येतो. शिवाय राजकारण आहे. मेलोनी सरकारने कृषी खात्याच्या नावातच ‘अन्न सार्वभौमत्व’ जोडले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली. स्वयंपाकघर ही राष्ट्राभिमानाची सर्वांत बिनविरोध जागा आहे. आजीच्या हाताच्या चवीला विरोध कोण करणार?

एका माणसाने केला. पार्मा विद्यापीठातले अर्थ-इतिहासाचे प्राध्यापक अल्बेर्तो ग्रांदी गेली काही वर्षे सांगत आहेत की ‘प्राचीन’ म्हणून मिरवले जाणारे कितीतरी इटालियन पदार्थ दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहेत. कार्बोनाराचे लिखित उल्लेख त्या युद्धानंतरचे आहेत आणि त्याचा जन्म अमेरिकी सैनिकांच्या शिध्यातल्या बेकनशी जोडला जातो. टोमॅटो तर मुळात अमेरिका खंडातला. ग्रांदी यांच्यावर इटलीत सडकून टीका झाली.

आपण हसायचे कारण नाही. उपवासाच्या साबुदाणा खिचडीकडे पाहा. साबुदाणा ज्या कसावा कंदापासून होतो तो, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि हवा असल्यास बटाटा, हे सगळेच अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले आहे. ताटलीत शुद्ध देशी म्हणावे असे जिरे, तूप आणि मीठ एवढेच उरते. तरीही ती खिचडी आपलीच आहे. पदार्थ जुना असल्याने आपला होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या केल्याने होतो. युनेस्कोचा करारही वारशाला ‘सतत नव्याने घडणारा’ मानतो. प्रचारात मात्र हा भाग सोयीने गाळला जातो.

काही वेळा या नोंदीमागचे कारण निर्यातीपेक्षा फार मोठे असते. युक्रेनने बोर्श्टचा प्रस्ताव युद्धापूर्वीच तयार करायला घेतला होता. बीटचे हे लाल सार आपलेच, असे रशियाही सांगत आला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आक्रमण झाले आणि समितीने वेळापत्रकाची वाट न पाहता १ जुलै २०२२ रोजी युक्रेनमधील बोर्श्ट-संस्कृती ‘तातडीने जपण्याच्या’ यादीत टाकली. कारण होते माणसांचे विस्थापन. ज्या परसात बीट आणि कोबी लागत असे ते परस मागे पडले, ज्यांनी शिकवायचे त्या आज्या निर्वासित झाल्या. याचा अर्थ बोर्श्टवर एकट्या युक्रेनची मालकी आहे असा होत नाही, कारण ही नोंद कुणालाच मालकी देत नाही.

कुसकुसची कथा उलट आहे. अल्जेरियाने एकट्याने प्रस्ताव आणायचे ठरवले तेव्हा मोरोक्कोत संताप उसळला होता. अखेर अल्जेरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून एकच अर्ज केला आणि २०२० मध्ये तो मंजूर झाला. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ऑगस्ट २०२१ मध्ये, अल्जेरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. कुसकुसच्या अर्जावर सह्या एकत्र आहेत, राजदूत मात्र परत गेले.

आणि हैतीचे ‘सूप जुमू’. फ्रेंच मळेवाल्यांच्या काळात भोपळ्याचे हे सूप गुलामांनी रांधायचे आणि मालकांनी प्यायचे. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून दर नववर्षाला घरोघरी हे सूप होते. २०२१ मध्ये यादीत गेलेली ही हैतीची पहिली नोंद. अर्जांच्या एवढ्या ढिगाऱ्यात हा एक वाचताना निर्यातीचे आकडे आठवत नाहीत.

मान मिळाल्यावर पुढे काय होते?

जपानची आकडेवारी याचे उत्तर देते, आणि ते दुहेरी आहे. वाशोकुची नोंद झाली त्या २०१३ मध्ये परदेशांत सुमारे ५५ हजार जपानी उपाहारगृहे होती. २०२३ मध्ये ती १ लाख ८७ हजारांवर गेली. सरकारला हेच हवे होते. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानी अन्नावरचा जगाचा विश्वास परत मिळवायचा होता. घरात काय झाले? १९६२ मध्ये एक जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे. आता तो ५० किलोच्या आसपास आहे. वाशोकुच्या नोंदीने ही घसरण थांबवली नाही. २०२५ मध्ये तांदळाचे भाव दुप्पट झाले, सरकारला राखीव साठे बाहेर काढावे लागले, आणि ‘मला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागत नाही, समर्थकच देतात’ अशा आशयाचे बोलून बसलेल्या कृषिमंत्र्यांना घरी जावे लागले. वाशोकु जगभर पोहोचले आहे. भाताची वाटी मात्र घरातच लहान होत गेली.

मेक्सिकोचा अनुभव अधिक कडू आहे. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने टॉर्टिया आणि तिच्या पिठासाठी जनुकीय बदल केलेला मका वापरण्यास मनाई केली. देशी मका हा आमचा जैव-सांस्कृतिक वारसा आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. अमेरिकेने उत्तर अमेरिकी व्यापार करारानुसार तक्रार केली. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला आणि मेक्सिकोला ते निर्बंध मागे घ्यावे लागले. वारशाची नोंद व्यापारी लवादापुढे उपयोगी पडली नाही. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने राज्यघटनेत दुरुस्ती करून असा मका पेरण्यावर बंदी आणली. आयात सुरूच आहे.

कोरियात किमजांगची नोंद होऊन १२ वर्षे झाली. दरम्यान एकट्या माणसाच्या घरांचे प्रमाण एक तृतीयांशापलीकडे गेले. एकट्यासाठी ढीगभर कोबी कोण घालणार? लोक पाकीट आणतात. उपाहारगृहांत चीनमधून येणारी स्वस्त किमची चालते. जमिनीत पुरायच्या मातीच्या रांजणांची जागा किमचीसाठीच्या खास फ्रिजने केव्हाच घेतली आहे. त्याने प्रथा संपली असे म्हणणे घाईचे ठरेल. शहरांत सामुदायिक किमजांग होतात, गरजूंना डबे वाटले जातात. पण जी गोष्ट गल्लीत आपोआप होत असे तिला आता संयोजक लागतो.

इटलीची खरी अडचण तिथेच आहे. तिच्या प्रस्तावाचा कणा आजीकडून नातवंडांपर्यंत जाणारे ज्ञान हा आहे आणि २०२४ मध्ये इटलीचा प्रजनन दर १.१८ वर आला. आज्या आहेत, शिकायला नातवंडे कमी आहेत.

पण भाजी कोण चिरते?

अर्जांमध्ये ‘समुदाय’, ‘कुटुंब’, ‘पिढ्या’ असे शब्द असतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ बायका असा होतो. ‘गॅलप’ आणि ‘कुकपॅड’ यांनी १४० हून अधिक देशांत केलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये जगभरात महिला आठवड्याला सरासरी जवळपास नऊ वेळचे जेवण रांधत होत्या, पुरुष चार वेळचे. एकाच देशात पुरुषांनी महिलांपेक्षा जास्त वेळा स्वयंपाक केल्याचे सांगितले, आणि तो देश इटली! अर्थात हे लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आहे, ओट्यापाशी उभे राहून कुणी मोजलेले नाही. तरी इटलीच्या प्रस्तावात स्त्री-पुरुष दोघांचा उल्लेख केवळ शोभेचा नसावा, एवढे म्हणता येईल.

भारताचे चित्र केंद्राच्या वेळवापर सर्वेक्षणात दिसते. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. हा ८८ चा आकडाही फसवा आहे. तो फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी सांगतो, आणि असे पुरुष आहेत २७ टक्के. महिलांमध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांहून जास्त आहे. चार तास ४९ मिनिटे. यात स्वयंपाकाबरोबर धुणी-भांडी, केरवाराही आला, पण स्वयंपाकाचा वाटा मोठा, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

त्यामुळे ‘घरचे अन्न वाचवा’ या हाकेत एक मेख आहे. घरचे अन्न कमी होण्याचे एक कारण बायका नोकरीला बाहेर पडल्या, हे आहे. ते परत आणायचे तर कुणाच्या वेळात? कोरियात यावर अनपेक्षित बाजूने उत्तर आले. तिथे सणांनंतर सुनांना होणाऱ्या त्रासाला ‘सणाचा आजार’ असे नावच पडले आहे. दिवसभर बसून तळणे हे त्यातले मोठे काम. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सुंगक्युनग्वान’ या कन्फ्युशियन परंपरेच्या सर्वोच्च पीठाने चुसोक सणाच्या पूर्वजपूजेसाठी नवा नमुना जाहीर केला : नऊ पदार्थ पुरेत, तळण घालायची गरज नाही. परंपरेच्या राखणदारांनीच ताट लहान केले. आपल्याकडे पितृपंधरवड्यात किंवा गौरीच्या जेवणात पाच भाज्या की सोळा, यावर अशी सूचना कुणा पीठाकडून आल्याचे आठवत नाही.

भारताचा एकही पदार्थ यादीत का नाही?

दिवाळी धरून भारताच्या १६ नोंदी झाल्या. कुंभमेळा आहे, म्हणजे नाशिक आहे. योग, गरबा, दुर्गापूजा आहे. अन्नाची एकही नाही. स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळ जाणारी नोंद २०१४ ची : पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची तांब्या-पितळेची भांडी घडवण्याची कला. भांडी आहेत, त्यात काय शिजते ते नाही. हैदराबाद (२०१९) आणि लखनऊ (२०२५) ही शहरे युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात खाद्यसंस्कृतीसाठी निवडली गेली, पण ती योजना निराळी.

यामागे एक व्यावहारिक कारण आहे. एका देशाचा साधारण दोन वर्षांत एकच प्रस्ताव विचारात घेतला जातो, आणि रांगेत नृत्ये, सण, यात्रा उभ्या आहेत. पण मोठे कारण वेगळे. ‘भारतीय स्वयंपाक’ म्हणजे काय, हे ठरवणार कोण? इटली १८६१ मध्ये एक झाला आणि १८९१ मध्ये पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या पाककृतींच्या पुस्तकाने प्रांतोप्रांतींचे पदार्थ एका जिल्दीत आणले. आपल्याकडे राष्ट्रीय पाककला कशी घडवली जाते, यावर मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्येच लिहिले होते : इंग्रजीतल्या पाकपुस्तकांतून शहरी मध्यमवर्गाने ती रचली. म्हणजे जो लिहितो त्याचे ताट देशाचे ठरते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तरी हा प्रश्न सुटत नाही. मराठवाड्यातले लेखक शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले, पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजत होते, तेल-तूप नसताना चव कशी आणली जात होती, कोणते मांस कसे टिकवले जात होते, याची ती नोंद आहे. पुस्तकांच्या कपाटात ‘रुचिरा’ शेजारी ते ठेवले की कळते, ‘मराठी घरगुती जेवण’ या तीन शब्दांत कुणाचे घर गृहीत धरलेले असते. गोमांस आणि शाकाहारावरून इतके तापलेले वातावरण असताना असा प्रस्ताव कुणी लिहायला घेतला, तर कोणते ताट आत आणि कोणते बाहेर, यावरच तो अडकेल, अशी शक्यता अधिक.

म्हणून पदार्थ सोडून प्रथेकडे पाहणे जास्त शहाणपणाचे वाटते. किमजांगच्या तोडीचे आपल्याकडे काही असेल तर ते वाळवण. मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर जुनी लुगडी, प्लास्टिकचे कागद पसरून पापड, कुरडया, सांडगे, शेवया, साबुदाण्याच्या चकल्या. एकीच्या घरचे झाले की सगळ्या दुसरीच्या घरी. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून सत्त्व काढायचे, चीक घोटायचा, आणि उन्हाने दगा दिला तर सगळे फुकट. जात, प्रांत, आहार कोणताही असो, महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत याचे काही ना काही रूप होते. अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप लागले आणि ते बचत गटांच्या पाकिटांत गेले. ते वाईटच झाले असे नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. घरी फुकट होणाऱ्या कामाला तिथे मजुरी मिळाली, नफ्यात वाटा मिळाला.

असा प्रस्ताव राज्याने करायचाच ठरवले तर वाट ठरलेली आहे. आधी राष्ट्रीय यादीत नोंद, मग या विषयाची मध्यवर्ती संस्था असलेल्या संगीत नाटक अकादमीमार्फत युनेस्कोकडे अर्ज. अर्ज दरवर्षी ३१ मार्चपर्यंत घेतले जातात आणि निकालाला दीड-पावणेदोन वर्षे लागतात. अर्जासोबत ती प्रथा पाळणाऱ्यांची आगाऊ, समजून-उमजून दिलेली संमती जोडावी लागते. आणि चौथ्या भागात एक प्रश्न असतो : अर्ज तयार करताना समुदायाने कसा सहभाग घेतला आणि त्यात स्त्री-पुरुषांची भूमिका काय होती, ते लिहा.